सरड्याच्या रक्तातला ठिपका

एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी आमच्या मॅडम अंदमानातल्या एका बेटावरच्या सरड्यांच्या रक्तात मलेरियाचे परजीवी शोधत होत्या. त्या रक्ताच्या काचपट्ट्या हेब्बाळच्या आमच्या प्रयोगशाळेत यायच्या. पुढच्या फेरीला मॅडम एकाच विद्यार्थ्याला सोबत नेणार होत्या. त्याला काचपट्टी वाचता यावी, एवढीच अट. मला जायचं होतं. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली, आणि समुद्र मी अजून पाहिलाच नव्हता.

राजाजीनगरात अण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, शिलाईचं दुकान होतं. त्यांना सांगितलं तेव्हा त्यांनी मशीन थांबवलं.

"सरड्याला हिवताप येतो?"

"येतो, अण्णा."

"मग थंडी वाजली की गोधडी कोण घालतं त्याला?"

"म्हणून तर हिला जायचंय," आतून माझी थोरली बहीण म्हणाली.

मी हसले. पण सरड्याला थंडी वाजते का, ते मलाही ठाऊक नव्हतं.

काचपट्टी वाचायला मी आमच्या गल्लीतल्या रक्ततपासणीच्या लॅबमध्ये शिकले होते, माणसांच्या रक्तावर. त्यामुळे पहिल्याच दिवशी मला प्रत्येक पेशीत जांभळा ठिपका दिसला. सगळेच सरडे आजारी आहेत, असं मी मॅडमना सांगितलं.

"माणसाच्या तांबड्या पेशीत केंद्रक नसतं, सरड्याच्या असतं," त्या म्हणाल्या. "तू केंद्रकं बघतेयस. स्वल्प, जरा हळू बघ."

त्यानंतर मला कशाचीच खात्री वाटेना. रंगाचा कणही परजीवी वाटायचा आणि परजीवी रंगाचा कण. बऱ्याच दिवसांनी एका पेशीत केंद्रक बाजूला ढकललेलं दिसलं. शेजारी काहीतरी लांबट, त्यात सोनेरी-तपकिरी कण. मॅडमनी मायक्रोस्कोपला डोळा लावला.

"हा खरा."

त्या सरड्याची नोंद पाहिली. चांगला धष्टपुष्ट होता.

"मग हा आजारी आहे का, मॅडम?"

"माहीत नाही."

"त्याला हे डासानं दिलं की माशीनं?"

"त्या बेटावर? तेही माहीत नाही."

मला वाटलं, त्या माझी परीक्षा घेतायत. ज्यांना माहीत असतं अशी माणसं कॉलेजात असतात, असं मी धरून चालले होते.

"तुझंही तिकीट काढते," पुढची काचपट्टी लावत त्या म्हणाल्या.

मी "सरी" म्हटलं, म्हणजे बरं. ठिपका ओळखला म्हणून नेतायत की प्रश्न विचारले म्हणून, ते कळलं नाही. विचारायचा धीर झाला नाही.