दुकानाचा फोन उसाच्या फडात

दिंद्रुडला मी आणि रुक्मिण मिळून काळा मसाला करून विकतो. दिवाळीनंतर ती नवऱ्याबरोबर ऊसतोडीला जाते. दुकानाचा फोन माझ्याकडंच राहायचा, म्हणून तिची गिऱ्हाइकं हळूहळू माझी व्हायची. परत आली की ती स्वतःच्याच दुकानात पाहुण्यासारखी वावरायची.

यंदा आम्ही इंटरनेटवरून चालणारा नंबर घेतला. तो दोघींच्या मोबाइलवर एकदमच वाजतो.

आज दुपारी फोन वाजला तेव्हा माझे हात मिरचीनं भरलेले होते. मी उचलायच्या आतच तो थांबला. गिऱ्हाईक गेलं म्हणून मी हळहळले. थोड्या वेळानं रुक्मिणचाच फोन आला.

"ताई, परळीच्या वहिनींना मसाला पाहिजे. लेकीच्या सासरी द्यायचाय. तिखट कमी टाका, मागच्या बारीला लई झोंबलं म्हणत्यात."

"तू उचललास? कुठंयस?"

"फडात. मोळ्या बांधायलेय. त्या म्हणल्या, दुकान सोडलंस का? म्हणलं, न्हाई हो, दुकान माझंच हाय."

दुकानासाठी वेगळा फोन ठेवायचा खर्च वाचतो म्हणून आम्ही हा नंबर घेतला होता. तो वाचतोही. पण आज मला वाचलेले पैसे आठवले नाहीत, रुक्मिणचं 'दुकान माझंच हाय' तेवढं आठवत राहिलं.

तुमच्या धंद्याचा फोन कुणाकुणाकडं वाजतो?