टोपीखालचं बियाणं

आमचे बीवाले भाऊ बोलायला लागले की त्यांच्या कपाळावरून पाण्याचा ओघळ यायचा. घाम नव्हे हो, पाणीच! पांढऱ्या टोपीखाली ते ओलं फडकं ठेवत आणि त्या फडक्यात वाटपाला आलेल्या पोत्यांतले भुईमुगाचे दहा दाणे. डोक्याच्या उबेनं चार दिवसांत मोड येतात. किती दाण्यांना आले ते पाहायचं आणि मगच त्या पोत्यांतलं बियाणं गावात वाटायचं, असा त्यांचा शिरस्ता. पांढरकवड्याच्या ब्लॉक ऑफिसात ते ग्रामसेवक, मी कारकून. "काय भाऊ, टोपीत पीक कसं काय यंदा?" असं आम्ही चिडवलं की म्हणत, "हसा लेकहो. माहं डोकं कोरडं राह्यलं, तर लोकायचं वावर कोरडं राहीन."

साठ सालानंतरचे दिवस. तेलबिया वाढवा, असा वरून हुकूम सुटला. सुधारित भुईमुगाचं बियाणं शेतकऱ्याला अर्ध्या किमतीत, उरलेली अर्धी सरकार भरणार. अट एकच, घरचं जुनं वाण शेतात मिसळायचं नाही. भाऊंना वाटलं, लोकांचं खरंच भलं होतंय. झरी जामणीकडच्या बंजाऱ्यांच्या एका तांड्यावर ते किती खेपा गेले असतील! एस.टी.नं फाट्यापर्यंत आणि पुढे पायी. तिथला प्रमुख म्हणजे नायक, त्याच्या म्हाताऱ्या आईला सगळे याडी म्हणत, म्हणजे आईच. घरचं बियाणं घाण्याला द्यायला ती काही केल्या तयार होईना. शेवटी एकदा म्हणाली, "सरकार कोन हाय, मले ठाऊक नाही. तुले पाह्यलं हाय. तू म्हनतं, तर टाका घान्यात." साऱ्या तांड्यानं आपल्या बियाण्याचं तेल काढलं.

सरकारी पोती आली ती मृग उलटून गेल्यावर. भाऊंनी फडकं बांधलं आणि चौथ्या दिवशी साहेबांच्या टेबलावरच सोडलं. दहातल्या एका दाण्याला मोड होता. बाकीच्या नऊ दाण्यांना कुजका वास येत होता.

"भाऊ, वाटपाच्या कागदावर सही करा अन् मोकळे व्हा," साहेब म्हणाले. "उगवणं न उगवणं देवाच्या हाती."

"देवाच्या हाती कायले, साहेब? चार दिवस माह्या डोक्यावर होतं. मेलेलं हाय ते."

भाऊंनी सही केली नाही. सही नाही म्हणजे वाटप नाही, आणि दुसरं बियाणं यायला आता वेळ नव्हता. हे सांगायला ते तांड्यावर निघाले, तेव्हा मीही सोबत गेलो. नायक मान फिरवून उभा राहिला. याडीनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तू खोटं नाही बोलला, बापू. पन तुह्या खऱ्याले आता भाजून खाऊ का आमी?" कोणी उसनवारीनं ज्वारी आणून पेरली, बाकी वावरं तशीच पडली.

परतताना ते फाट्यावरच्या दगडावर बसले. "सही केली असती, तर महिनाभर आशेवर तरी राह्यले असते," म्हणाले. "थकलो गड्या." खरं सांगतो, मला त्यांचा रागच आला होता. कायले एवढं खरं वागावं माणसानं?

पावसाळा सरायच्या आत त्यांच्या बदलीचा कागद आला. मी स्टँडवर पोचवायला गेलो. मोटारीत चढताना त्यांनी टोपी काढली, ते फडकं पिळलं आणि माझ्या हातात दिलं. "ठेव हे. सही कराच्या आधी डोकं ओलं करत जा."

पुढल्या हंगामात पोती पुन्हा उशिराच आली. भाऊंच्या जागी अजून कोणी नेमलं नव्हतं, म्हणून वाटपाचा कागद माझ्यापुढे आला. फडकं ड्रॉवरात होतं, खडखडीत वाळलेलं. चार दिवस थांबायला साहेब तयार नव्हते आणि मला बदली नको होती. मी सही केली. पोती त्याच तांड्यावर गेली. बियाणं उगवलं का, हे विचारायला मी आजवर तिकडे फिरकलेलो नाही.