टाकीखालची म्हातारी

नवी नवरी म्हणून ती बेटावर आली तेव्हा होडीत शेजारी नवरा होता आणि पायाशी पत्र्याची ट्रंक. बेट जवळ आलं तसा सुकाणूवरचा माणूस नवऱ्याला म्हणाला, "म्हातारी आज काय गोरी दिसतेय रे."

"परवाच अंघोळ घातलीय," नवरा म्हणाला. दोघं हसले.

नवरीला ते काही रुचलं नाही. घरात म्हातारं माणूस म्हणजे एकटी सासू, आणि सख्खा मुलगा तिच्याबद्दल असं बोलतो? संध्याकाळी चुलीशी बसून तिने भीत भीत सासूच्या कानावर घातलं. सासूने सगळं ऐकून घेतलं. मग तिला हाताला धरून बाहेर नेलं आणि घराच्या समुद्राकडच्या भिंतीसमोर उभं केलं.

"ही म्हातारी. तुझी खरी सासू ही. माझीही हीच."

भिंत उंच होती, बिनखिडकीची, पांढरीफेक. मागे टेकडीवर पाण्याची टाकी. बेटाभोवती पाण्याखाली खडकच खडक, आणि आत शिरायला वाट एकच, तीही चिंचोळी. समुद्रावरून बघताना टाकी बरोबर भिंतीच्या वर आली की वाट सापडली. टाकी जरा जरी बाजूला सरकली तरी होडीच्या तळाचं काही खरं नव्हतं. नव्या माणसाला बेटावरचे लोक एवढंच सांगत: म्हातारीच्या डोक्यावर हंडा ठेव आणि सरळ ये.

भिंत पांढरी ठेवायचं काम या घराचं. ते कधी आणि कुणी ठरवलं हे सासूलाही ठाऊक नव्हतं. कळीचा चुना ड्रममध्ये भिजवायचा, गाळायचा, डिंक घालायचा, शिडी लावून वरून खाली कुंचला मारत यायचं. पहिल्या वर्षी सुनेने हौसेने चुन्यात नीळ घातली. जवळून भिंत अशी झळकली की तीच खूश झाली. समुद्रावरून मात्र ती मागच्या निळसर टेकडीत विरघळून गेली. दुसऱ्या दिवशी सुकाणूवरचा माणूस दारात येऊन विचारून गेला, म्हातारी घर सोडून गेली की काय. त्यानंतर नीळ फक्त कपड्यांना.

तेव्हा बेटावर शाळा होती, बर्फाचा कारखाना होता, धक्क्यावर माल उचलणारी क्रेन होती. आधी बर्फ बंद पडला. मासे थेट पलीकडच्या बंदरात जाऊ लागले, माणसं माशांमागे गेली, मुलं माणसांमागे, आणि शाळेला कुलूप लागलं. क्रेन गंजून वाकली. नावं तेवढी राहिली. लोक अजून एकमेकांना सांगतात, बर्फापाशी भेटू. तिथे आता नुसत्या भिंती आहेत आणि आत रानटी एरंड.

सासू गेली. पुढे नवराही गेला, लांबलेल्या आजारपणाने, घरातच. लेक लग्न होऊन पलीकडे शहरात राहिली. बेटाच्या त्या टोकाला दिवा लागणारं घर एकच उरलं. लोक तिला भिंतवाली म्हणू लागले.

लेक फोनवर दर वेळी म्हणायची, आता इकडे ये. ती दर वेळी म्हणायची, भिंत कोण बघणार? जावई मागून ओरडायचा की सासूबाईंना माणसांपेक्षा चुना प्यारा. हसणं व्हायचं आणि विषय संपायचा.

यंदा तिचे डोळे दगा देऊ लागले. शिडीची पुढची पायरी दिसेना. पावसाने भिंतीवर काळे-हिरवे ओघळ उतरले होते. चुना आणून ठेवला होता, पण वर चढायची हिंमत होईना. रोज पलीकडून येणाऱ्या लाँचचा आवाज आला की तिला चोरट्यासारखं व्हायचं. ती बाहेर यायची नाही. आज लाँच खडकाला टेकेल, उद्या टेकेल, मग सगळा दोष आपल्या माथी, असं मनात चालायचं. शेवटी ती पलीकडे गेली आणि चष्मा करून आली.

येताना लाँचवाल्याला विचारून ती त्याच्या केबिनमध्ये बसली. तो पलीकडचा, नवीन, वागायला अदबशीर. तिला त्याची माफी मागायची होती.

"भिंतीला यंदा उशीर झाला बाबा," ती म्हणाली. "तुझे हाल होत असतील."

"कोणत्या भिंतीला, मावशी?"

तिला वाटलं, इंजिनाच्या आवाजात त्याला ऐकू गेलं नसेल. तो समोरच्या छोट्या पडद्याकडे बघत होता. पडद्यावर निळ्यात एक रेघ, रेघेवर सरकणारा ठिपका. रेघ जिथे वळत होती तिथे लिहिलं होतं: म्हातारी. ठिपका तिथे पोचला. त्याने चाक फिरवलं आणि वायरलेसवर धक्क्याला सांगितलं, "म्हातारी ओलांडली, येतोय." काचेतून बाहेर त्याने एकदाही पाहिलं नाही.

"म्हातारी म्हणजे काय रे?" तिने विचारलं.

"खडक असणार खाली. जुन्या लोकांनी ठेवलेलं नाव." तो हसला. "बुडाली असेल तिथे कुणी म्हातारी."

नव्या चष्म्यातून तिला भिंत स्वच्छ दिसत होती. डागाळलेली, पोपडे धरलेली. टाकी नेमकी वर.

"असेल," ती म्हणाली.

त्याला सांगायला हरकत काहीच नव्हती. सांगितलं असतं तर त्याने मान वर करून पाहिलं असतं आणि अरे वा म्हटलं असतं. तिला ते अरे वा नको होतं.

घरी येऊन तिने लेकीला फोन लावला. चष्म्याचं सांगितलं. मग लाँचवरचं सांगितलं, खडकाचंही. लेक हसली नाही. ती हळूच म्हणाली, "मग आता तर ये. आता काय अडलंय?"

खरंच काही अडलं नव्हतं. शोधूनही तिला काही सापडेना.

"भिंतीचं निमित्त मी पुढे करत होते," ती म्हणाली. "मला यायचंच नव्हतं."



"मग तसं सांगायचंस ना, आई. इतकी वर्षं मी त्या भिंतीला शिव्या घातल्या."

"आता मला घाल."

"घालीन," लेक म्हणाली. तिचा आवाज ओला झाला होता. "पण एकटी तिथे करणार काय तू? आता तर भिंतही नाही."

या प्रश्नाला एरवी तिच्याकडे चार उत्तरं असायची. कोंबड्या, सरपण, कौलं, विहिरीचा रहाट. आज त्यातलं एकही तोंडावर येईना.

"माहीत नाही," ती म्हणाली.

लेकीच्या घरात मागे कुणीतरी हाका मारत होतं. लेक गेली नाही. तिने विचारलं, जेवलीस का. अजून नाही, ही म्हणाली. मग जेव, लेक म्हणाली. त्यानंतर दोघींना बोलायला काही सुचलं नाही, आणि तरी दोघींपैकी कुणीच फोन ठेवला नाही.