वहिनी, घर येऊन राह्यलंय

बॉनेट उघडायच्या आधी मिस्तरी त्यावर वळलेल्या बोटानं दोनदा टकटक करायचे, दारावर करावी तशी. मग जरा वाकून विचारायचे, "येऊ का आत?"

पहिल्यांदा बघणारा माणूस हसायचाच. "मिस्तरी, गाडी हाय ती, सासुरवाडी न्हाई," असं कुणीतरी म्हणायचं. त्यांचं उत्तर ठरलेलं होतं. "दुसऱ्याच्या घरात एकदम घुसत्यात का? आत काय पसारा पडलाय, आपल्याला काय ठाऊक?"

परतूरला स्टेशनच्या रस्त्यावर त्यांचं गॅरेज होतं. गॅरेज म्हणजे चार पत्रे, एक लिंबाचं झाड आणि गाडीखाली उतरायला एक खड्डा. आमचं घर बरोबर समोर. बँकेतून निवृत्त झाल्यापासून ओट्यावर बसून चहा पिणं आणि मिस्तरींकडे बघणं हेच माझं मुख्य काम. तुम्ही म्हणाल, रिकामा माणूस. आहेच मी रिकामा. पण तुम्ही त्या ओट्यावर बसला असतात तर तुम्हीही दुसरा कप मागवला असता.

एकदा कॉलेजातले एक सर स्कूटर ढकलत आले. मागून त्यांच्या बाईसाहेब, उन्हानं आणि रागानं लालबुंद. मिस्तरींनी स्कूटरच्या पत्र्यावर टकटक केली, आत डोकावले, सरांकडे एक नजर टाकली आणि म्हणाले, "कार्बोरेटरमधी कचरा हाय. बाईसाहेब, तुम्ही सावलीला बसा." स्कूटर आडोशाला नेली, बाटलीतलं पेट्रोल टाकीत ओतलं, उगीच दोन-तीनदा पाना आपटला आणि गाडी सुरू करून बाहेर आणली. सरांनी जाताना त्यांना जो नमस्कार केला, तो देवळातसुद्धा केला नसेल.

"टाकीत थेंब नव्हता की हो," मी नंतर म्हणालो.

"मंग? बाईनं सकाळीच सांगितलं असंल, पेट्रोल भरा म्हणून. इसरला माणूस. म्हणून काय भर रस्त्यात उघडं पाडायचं त्याला?"

कुणाला उघडं पाडायचं न्हाई, हे त्यांचं लाडकं वाक्य. ते ऐकलं की माझा चहा कडू व्हायचा. का, ते सांगतो. चाळीस वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं, पण तुमच्यापासून लपवून आता काय मिळवायचंय?

आमच्या वडिलांची परतुरात कापसाची आडत होती, आणि दारात एक डुक्कर फियाट. पुढून नाक फेंदारलेलं, म्हणून लोकांनी ठेवलेलं नाव. पुढची दारं उलटी उघडायची, त्यामुळे उतरणारा माणूस हमखास धडपडायचा. माझं लग्न आष्टीला झालं. माघ महिना होता. वरात परत निघाली ती याच गाडीतून. चालवायला मिस्तरी, तेव्हा विशीतले. शेजारी मधोमध मी आणि दाराशी नवरी, कारण शेला-पदराची गाठ सुटलेली नव्हती. मागच्या सीटवर करवल्या आणि आत्या इतक्या, की त्यांची मोजदाद झालीच नाही.

गळ्यातला झेंडूचा हार मला टोचत होता. चांगला मनगटाएवढा जाड. मी तो काढला आणि समोर जी पहिली खुंटी दिसली तिच्यावर टांगला.

ती खुंटी नव्हती. तो चोकचा खटका होता.

गार इंजिन सुरू करताना जास्त पेट्रोल लागतं, तेव्हा तो खटका बाहेर ओढायचा असतो. चालत्या गाडीत ओढला तर इंजिन पेट्रोल पिऊन पिऊन गुदमरतं. रस्ता तसला. दर खड्ड्याला हार खटक्याला थोडा बाहेर ओढत होता. निम्म्या वाटेत एका नाल्यापाशी गाडीनं काळा धूर सोडला आणि ती बंद पडली.

मिस्तरींनी बॉनेट उघडलं, सेल्फ मारून मारून बॅटरी संपवली, वऱ्हाड्यांकडून धक्का मारून घेतला. शेवटी आत येऊन बसले तेव्हा त्यांना हार दिसला. त्यांनी हाराकडे बघितलं, मग माझ्याकडे. हार अलगद काढून माझ्या मांडीवर ठेवला आणि खटका आत ढकलला, पण तोवर प्लग पेट्रोलनं भिजून गेले होते. तेवढ्यात मागच्या गाडीतून वडील उतरून आले. सगळ्या वऱ्हाडासमोर ओरडले, "गाडी तपासून आणायला काय झाल्तं?"

"चुकलं मालक," मिस्तरी म्हणाले. "प्लग बघायचे राह्यले."

आणि मी? मी मुंडावळ्या सावरत गप्प बसलो. नव्या बायकोसमोर पहिल्याच तासाला गाढव ठरायची माझी तयारी नव्हती.

मागच्या गाडीत पाय ठेवायला जागा नव्हती. शेवटी बाजाराला निघालेला कापसाचा ट्रॅक्टर आला. नवरी शालूसकट कापसावर चढली. मिस्तरी खाली उभे. म्हणाले, "वहिनी, शब्द देतो. याच गाडीनं तुम्हाला घरी नेणार." घरी पोचल्यावर ओवाळायच्या आधी आईला दहा मिनिटं नवरीच्या अंगावरचा कापूस वेचावा लागला. वडिलांनी गाडीला अपशकुनी ठरवून वखारीत ढकललं, आणि तिथं ती तशीच गंजत पडली.

आमची ही मात्र विसरणारी नव्हती. पुढं मिस्तरींनी समोरच गॅरेज टाकलं, तर हिचं आयतंच फावलं. मी ओट्यावर बसलेला असलो की ही दारातून हाक मारायची, "मिस्तरी, आलं का हो घर?"

मिस्तरी पाना खाली ठेवून अदबीनं सांगायचे, "येऊन राह्यलंय वहिनी, येऊन राह्यलंय."

चाळीस वर्षं हाच सवाल आणि हाच जवाब. मी मध्ये बसून चहा पीत होतो.

दोन वर्षांपूर्वी ते सकाळी सकाळी ओट्यावर आले. हात पुढं केला. बोटं थरथरत होती. "भाऊ, हे बघा. आता लई दिवस पाना धरणार न्हाई मी. फियाट द्या मला. वहिनींना घरी आणायचं राह्यलंय."

मला एकदम भरून आलं. म्हणालो, "मिस्तरी, मी सांगून टाकतो तिला, हार मी टांगला होता म्हणून. मिटलं."

"बिलकुल न्हाई," ते घाईघाईनं म्हणाले. "गाडी घरी येऊ द्या आधी. शब्द मी दिल्ता, तुम्ही न्हाई."

वखारीतली गाडी बाहेर काढली तर निम्मं सामान गंजून गेलेलं, निम्मं उंदरांनी खाल्लेलं. असलं सामान आता बाजारात कुठलं मिळायला! तशीच दुसरी गाडी शोधायची आणि तिचं सामान हिला बसवायचं, एवढाच मार्ग होता. मिस्तरींनी चार महिने फोन केले. शेवटी जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला, हसनाबादच्या एका शेतात तशीच फियाट सापडली. मालकीण होती एक सत्तरीची मावशी, आणि गाडीत तिच्या कोंबड्या राहत होत्या.

मिस्तरींनी सवयीनं टकटक केली. "येऊ का आत?"

आतून कॉक कॉक असा आवाज आला. "बघा," ते मला म्हणाले, "उभ्या जल्मात पहिली गाडी भेटली, जी उत्तर देती."

मावशी ठाम होत्या. गाडी त्यांच्या मालकांनी हौसेनं आणलेली. ती एक दिवस चालली नाही, पण ते रोज संध्याकाळी तिच्यात बसून पान खायचे. "आतलं काय न्यायचं ते न्या," त्या म्हणाल्या, "पण गाडी हितंच राहील, अन् ती भकास दिसता कामा नये. मालकाची बसायची जागा हाय ती."

दुसरा कुणी मिस्तरी हात जोडून परत फिरला असता. हे म्हणाले, "बराबर हाय मावशी. जिचं घ्यायचं तिला उघडी कशी ठेवायची?"

आणि त्यांनी खरोखरच तसं केलं. दर पंधरा दिवसांनी आम्ही माझ्या गाडीतून हसनाबादला जायचो, डिकीत आमच्या फियाटचा एखादा मेलेला भाग घेऊन. मावशींच्या गाडीचा कार्बोरेटर काढला की त्या जागी आमचा सडका बसवायचा. डायनामो काढला की तिथं आमचा जळका. प्रत्येक नट घट्ट पिळून, वर फडकं मारून.

"मिस्तरी, हा कार्बोरेटर कुणी बघणार आहे का?" मी वैतागून म्हणायचो.

"तिला तर कळंल ना," ते गाडीकडे बोट दाखवायचे.

एकदा ड्रायव्हरच्या सीटवर कोंबडी बसलेली. मिस्तरींना नेमकं स्टिअरिंगखालचं काम होतं. मी हुसकायला गेलो तर मला ओरडले, "बाळंतिणीला उठवत्यात का भाऊ?" आम्ही बांधावर तास-दीड तास बसलो. कोंबडी अंडं घालून, ओरडून, पंख झाडून उतरली, मग कामाला सुरुवात. ते अंडं मावशींनी मिस्तरींनाच दिलं. परतूरपर्यंत ते त्यांनी हातात धरून आणलं आणि प्रत्येक स्पीडब्रेकरला मला हळू चालवायला लावलं.

सगळ्यात शेवटी चोकची तार आणि खटका आला. संध्याकाळी बघतो तर आमच्या गाडीत खटका मधोमध नव्हता. स्टिअरिंगच्या पलीकडं, ड्रायव्हरच्या दाराजवळ बसवलेला.

"हा इकडं कुठं, मिस्तरी? मध्ये होता ना?"

त्यांनी फडक्याला हात पुसले. चेहऱ्यावर साधं हसूसुद्धा नाही. "नवरदेवाचा हात पोचला न्हाई पायजे."

मी किती हसलो म्हणून सांगू! चाळीस वर्षांत त्यांनी मला मारलेला तेवढाच एक टोमणा.

पौषात एका दुपारी फियाट सुरू झाली. आधी खोकली, मग धूर सोडला, मग एका लयीत चालायला लागली. ही पिठाच्या हातानं बाहेर धावत आली. "मिस्तरी, आलं का हो घर?"

"आता वळणावर हाय वहिनी," मिस्तरी म्हणाले. डोळे पुसायला त्यांनी फडकं घेतलं आणि सगळ्या तोंडाला ग्रीस लावून घेतलं.

ठरलं असं, की माघात आमच्या लग्नाच्या वाढदिवशी आष्टीला जायचं आणि तिथून हिला घेऊन परतूर गाठायचं. मिस्तरींच्या बोटांचा आता भरवसा नव्हता, म्हणून मी चालवायचं, खटक्याला हात न लावता; मिस्तरींनी मागं बसायचं. त्यांनी त्या दिवसासाठी नवा सदरासुद्धा शिवायला टाकला होता.

त्याच्या पंधरा दिवस आधी, एका सकाळी माझा चहा संपला तरी समोरून टकटक ऐकू आली नाही. मी रस्ता ओलांडून गेलो. मिस्तरी रात्री झोपेतच गेले होते.

लग्नाचा दिवस आला तेव्हा गाडीकडे बघवत नव्हतं. मी म्हणालो, राहू दे. ही म्हणाली, "राहू दे कसं? शब्द दिलाय त्यांनी मला." झेंडूचा हार आणला होता, तो तिनं फियाटच्या नाकाला बाहेरून बांधला. आत आणू दिला नाही.

आष्टीहून निघालो. मागची सीट रिकामी. त्या नाल्यापाशी आता पूल झालाय, पण मी जागा ओळखली. म्हणालो, "ऐक. त्या दिवशी मिस्तरींची चूक नव्हती. हार मी टांगला होता, चोकवर."

"माहीत आहे," ती म्हणाली.

"काय?"

"अहो, मी तुमच्या शेजारीच बसले होते, चंद्रावर नव्हते. हार टांगताना 'टोचतोय मेला' म्हणालात. तुमच्या तोंडून मी ऐकलेलं पहिलं वाक्य ते."

"मग त्या बिचाऱ्याला चाळीस वर्षं का छळलंस?"

"त्यांना कुठं छळलं? तुम्ही ओट्यावर असताना मुद्दाम विचारायची. वाटायचं, आज तरी हा माणूस तोंड उघडेल. मिस्तरींना पहिल्याच वर्षी सांगितलं होतं मी. म्हणाले, 'वहिनी, त्यांचं ते सांगतील. आपण उघडं पाडायचं न्हाई.'"

मला हसू आलं आणि डोळ्यांना धारही लागली. समोरचा रस्ता दिसेना, म्हणून गाडी बाजूला घ्यायला गेलो तर ही केवढ्यांदा ओरडली, "थांबवू नका! इथं तर बिलकुल थांबवू नका!"

नाही थांबवली. फियाट एकदाही न खोकता परतुरात शिरली, स्टेशनच्या रस्त्याला वळली आणि आमच्या दारात येऊन उभी राहिली. समोर गॅरेजच्या पत्र्याला कुलूप होतं.

ही उलट्या दारातून धडपडत उतरली, पदर सारखा केला आणि गाडीच्या पुढं गेली. बोट वळवून बॉनेटवर दोनदा टकटक केली. मग जरा वाकली.

"मिस्तरी," ती म्हणाली, "आलं हो घर."