शिट्टी कोणाची?

व्हर्लिन हॅस्कॅम्प सत्तावीस वर्षं शाळांच्या अमेरिकन फुटबॉलच्या, म्हणजे चेंडू हातात घेऊन पळायच्या खेळाच्या, सामन्यांत पंच म्हणून उभा राहिला, आणि लोकांच्या लक्षात काय राहिलं? एक शिट्टी. मी त्याच्याच पाच जणांच्या चमूत होतो, म्हणून तोंड उघडतोय.

आठवडाभर तो लोकांची घरं तापवणाऱ्या भट्ट्या दुरुस्त करायचा आणि शुक्रवारी काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा शर्ट चढवायचा. नव्या पंचाला त्याचा पहिला धडा ठरलेला. "शिट्टी दातात नाही धरायची, बाबा. हातात धर. हात तोंडापर्यंत जाईस्तोवर चेंडू कुठाय ते दिसतं."

गेल्या नोव्हेंबरात एल्डन गावच्या मैदानावर थंडीने त्याची बोटं बधिर झाली. त्याने शिट्टी दातात धरली. शेवटची दोन मिनिटं, एल्डन तीन गुणांनी मागे. पाहुण्यांचा पोरगा चेंडू घेऊन घुसला, पडला, आणि खेळ थांबवायची शिट्टी वाजली. पण चेंडू आधीच निसटला होता. एल्डनच्या पोराने तो उचलून थेट शेवटच्या रेषेपार नेला, म्हणजे सहा गुण, आणि गाव नाचायला लागलं. नियम मात्र सरळ आहे: शिट्टी वाजली की खेळ थांबला, चुकून वाजली तरी. चेंडू पुन्हा पाहुण्यांकडे.

"कोणाची शिट्टी?" मुख्य पंचाने विचारलं.

शिट्ट्या पाचही जणांकडे होत्या. व्हर्लिन गप्प राहिला असता तर कोणाला कळलं असतं? व्हर्लिनने हात वर केला. "माझी. चुकलो."

एल्डन हरलं, हंगाम संपला. पालकसंघाचा अध्यक्ष ड्वेन पोलमन कुंपणावर चढून ओरडत होता, "ए आंधळ्या, किती खाल्लेस रे?" दुसऱ्या दिवशी व्हर्लिनच्या गाडीवर कोणी तरी रंगाने 'चोर' लिहिलं. त्याची बायको नादीन एल्डनच्या बाजारात जायची बंद झाली. उचलली जीभ, लावली टाळ्याला! चोर कधी स्वतःहून हात वर करतो का?

व्हर्लिनने शिट्टी आपल्या भट्टीदुरुस्तीच्या दुकानातल्या खिळ्याला टांगली. त्याच्यामागोमाग आम्ही चौघांनीही पंचगिरी सोडली.

परवा पोलमन त्याच्या दुकानात आला. मी तिथेच होतो.

"व्हर्लिनभाऊ, झालं गेलं विसरा. गुरुवारी धाकट्यांचा सामना आहे. सगळ्या जिल्ह्यात फोन केले, पंच मिळत नाही हो."

तेव्हाचा 'आंधळ्या' आता 'भाऊ' झाला! माझं डोकं सणकलं. व्हर्लिनने शांतपणे शिट्टी खिळ्यावरून काढली आणि त्याच्यापुढे धरली.

"घे, तू फुंक."

"मी? अहो, लोक मला फाडून खातील!"

"मग? मी एकदा चुकलो आणि हात वर केला. तू वर्षभर माझ्या नावाने बोंबलतोयस, ड्वेन. तुझा हात कुठाय?"

 पोलमनचा हात काही खिशातून निघाला नाही.

गुरुवारी सामना झाला नाही. पोरं खेळाचे कपडे घालून तासभर बसली आणि घरी गेली. पोरांसाठी वाईट वाटलं. पोलमनसाठी नाही.