टायपिस्टबाई राजी नव्हत्या

बटणांच्या कारखान्यातल्या टायपिस्टबाईंना लहानपणी आत्या ऊठसूट 'आगाऊ' म्हणायची. एकदा शाळेच्या फळ्यावर 'आगाऊ सूचना' असं वाचून त्यांनी घरी विचारलं, सूचना आगाऊ असली तर चालते, मग मुलगी असली तर काय बिघडतं? पाठीत धपाटा बसला. पण शब्दांचा नाद लागला तो लागलाच.

टेबलाच्या खणात पाठकोऱ्या कागदांचा गठ्ठा असे. एखादा शब्द आधी काय होता, आता काय झाला, ते त्या त्यावर उतरवून ठेवत. जेवणाच्या सुट्टीत कुणी 'चेष्टा पुरे' म्हणालं, की बाई सांगत, पूर्वी चेष्टा म्हणजे नुसती हालचाल. बटणं निवडणाऱ्या बायका हसत, आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच एखादा शब्द घेऊन येत. नवरा म्हणे, हिला भांडायलासुद्धा शब्दकोश लागतो.

बाई एक्कावन्न वर्षांच्या असताना बटणं निवडायचं यंत्र आलं. नऊ बायका नकोशा झाल्या. काढायचं तर कारण द्यावं लागणार, म्हणून नव्या मॅनेजरसाहेबांनी त्यांचे राजीनामे टाइप करायला सांगितले, 'स्वखुशीने' असा शब्द घालून. बायका गेल्या की टायपिंगही उरणार नाही, म्हणून दहावा बाईंचा स्वतःचा.

बाईंनी मजकूर वाचला, आधी त्या नऊजणींना समजावून सांगितला आणि मग केबिनमध्ये गेल्या.

"साहेब, राजीनामा म्हणजे मुळात राजी असल्याचा कागद. आम्ही राजी नाही."

"आता त्याचा अर्थ नोकरी सोडणं असाच आहे. भाषा बदलते, बाई."

"बदलते ना. पण चार माणसांच्या तोंडी बदलते, तुमच्या सोयीने नाही. 'काढून टाकलं' असं लिहा आणि खाली सही करा. मी टाइप करून देते, एकही चूक न करता."

साहेबांनी सही केली नाही. बाईंचं टेबल जिन्याखाली गेलं, काम बंद झालं. बाई रोज नऊच्या ठोक्याला येऊन बसत आणि पाठकोरे कागद भरत. दोघीजणींचा धीर सुटला, त्यांनी सह्या केल्या. बाईंनी त्यांना दोष दिला नाही. सातजणी टिकल्या. पाच महिन्यांनी साहेबांचीच बदली झाली, राजीनाम्यांचा विषय मागे पडला आणि टेबल वर आलं.

गेलेल्या दोघींना परत घ्यावं म्हणून बाईंनी पुढच्या साहेबांकडे सात अर्ज केले. सातही फेटाळले गेले. आठवा त्यांनी निवृत्तीच्या दिवशी टाइप केला, साहेबांच्या हातात दिला, पोच घेतली आणि मगच घरी गेल्या.