हळदीला न चालणारी गाडी

"दरवाजा उघडत नाय!" आबा गाडीच्या आतून ओरडले.

"पलीकडचा बघा, आबा," मी बाहेरून म्हणाले.

"त्यो पण नाय!"

बदलापूरच्या बेलवलीत, स्वतःच्याच घराच्या अंगणात, स्वतःच्याच पुतण्याने चालवत आणलेल्या गाडीत आबा अडकले होते. डावीकडे पाण्याची सिमेंटची टाकी, उजवीकडे तुळशीवृंदावन आणि मध्ये आमच्या शोरूमची इलेक्ट्रिक क्रॉसओव्हर, बाटलीत बूच बसावं तशी घट्ट. मी चेहरा शक्य तितका गंभीर ठेवला. खरं सांगायचं तर असं काहीतरी होईल या आशेवरच मी तिथे आले होते.

मी उल्हासनगरच्या एका शोरूममध्ये इलेक्ट्रिक गाड्या विकते. माझ्या कार्डावर 'सेल्स कन्सल्टंट' लिहिलं आहे. म्हणजे गिऱ्हाइकाला काय हवंय ते विचारायचं आणि सेठला काय हवंय ते विकायचं. आमच्याकडे गाडी बघायला गिऱ्हाईक एकटं येत नाही. मुलगी बघायला जावं तशी अख्खी भावकी येते. खुर्च्या कमी पडतात. एकजण टायरला लाथ मारून बघतो, एकजण दरवाजा आपटून बघतो आणि एखादी काकू डिकी उघडून विचारते, "यात मटणाचे टोप किती बसतील?" हा प्रश्न आम्हाला ट्रेनिंगमध्ये शिकवत नाहीत, पण उत्तर पाठ असावं लागतं.

त्या दिवशी आबांची भावकी आली होती. गाडी हवी होती त्यांच्या सुनेला, सुप्रियाला. ती फिजिओथेरपिस्ट. पेशंटच्या घरी जाऊन व्यायाम करून घेते. बेलवलीहून निघायचं, अंबरनाथला दोन-तीन पेशंट, मग उल्हासनगरच्या कॅम्पांतल्या गल्ल्या. मशिनची बॅग स्कूटरवर पायाशी ठेवायची आणि खड्डे चुकवत जायचं. लोकांचे खांदे मोकळे करता करता तिचा स्वतःचा खांदा धरला होता. हात डोक्याच्या वर जात नव्हता. नवरा भला माणूस, पण शिफ्टला गेलेला. जाताना "आबा म्हणतील ते" एवढं म्हणून गेला होता.

आबा म्हणत होते क्रॉसओव्हर. क्रॉसओव्हर म्हणजे कारसारखी चालणारी, पण जीपसारखी दिसणारी उंच गाडी. सुप्रियाची नजर मात्र कोपऱ्यातल्या छोट्या हॅचबॅकवर होती. भावकी डिकी मोजत असताना ती पाण्याच्या कूलरपाशी मला म्हणाली, "मॅडम, आधीची मोठी गाडी पण माझ्यासाठीच घेतली होती. वर्षभरात मी ती दोनदा चालवली असेल. बाकी सगळा वेळ गाडी हळदीला, नाहीतर जत्रेला. आबा भावकीत कुणाला नाही म्हणत नाहीत. शेवटी ती विकली आणि मी परत स्कूटरवर."

"मग घरात सांगा ना तसं."

"सुनेने सांगायचं, की तुमच्या माणसांना गाडी देऊ नका?"

मीही याच पट्ट्यातली, जांभूळची. मला भावकी माहीत आहे. आणि त्या बाईचा खांदा बघून मला मनापासून वाईट वाटलं.

तेवढ्यात काचेच्या केबिनमधून सेठचा फोन आला. आमचे सेठ सिंधी. समोर दिसत असले तरी ते फोनच करतात.

"वैशाली, बडीवाली निकाल. महिना खतम होने को है."

"सर, त्यांना रोजच्या वापराला छोटी पुरेल."

"छोटी में क्या है? अच्छा सुन, वो तोता निकलता है तो निकाल."

तोता म्हणजे पोपटी रंगाची हॅचबॅक. कुण्या गिऱ्हाइकाने हौसेने मागवली आणि बायकोने बघितल्यावर बुकिंग रद्द केलं. तेव्हापासून ती कोपऱ्यात उभी होती. सफेद आणि काळ्या गाड्या येत होत्या, जात होत्या. तोता जागचा हलत नव्हता.

मी आबांना रेंज समजावून सांगायला घेतली. रेंज म्हणजे एकदा फुल चार्ज केल्यावर गाडी किती लांब जाईल ते. कागदावरची रेंज जास्त असते, एसी, घाट आणि ट्रॅफिक धरून खरी कमी भरते. पण सुप्रियाच्या दिवसभराच्या फेऱ्यांना छोट्या गाडीची खरी रेंजसुद्धा पुरून उरत होती. रात्री मोबाइलसारखी चार्जिंगला लावायची, सकाळी काढायची. आबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"बरोबर हाय," ते म्हणाले. "पन गारी उंच पाहिजे. मानसाला लांबून दिसली पाहिजे."

लांबून दिसण्यापुढे रेंजचं काही चालत नाही. मी विषय बदलला. "आबा, चार्जर लावायचा तर आधी साइट सर्व्हे करावा लागतो. गाडी कुठे उभी राहणार, चार्जिंगची वायर पोचते का, अर्थिंग कसं आहे, ते बघतो आम्ही. क्रॉसओव्हरची टेस्ट ड्राइव्ह थेट तुमच्या घरापर्यंतच घेऊया का?"

यात मी एकही शब्द खोटा बोलले नाही. फक्त अंगण केवढं आहे ते सुप्रियाकडून आधीच काढून घेतलं होतं.

गाडी चालवायला पुतण्या जयेश बसला. गेटपाशी मी आणि सुप्रिया खाली उतरलो. जयेशने आरसे मिटले आणि एका झटक्यात गाडी आत घातली. ओरखडासुद्धा नाही. आबा आतून अंगठा दाखवून हसले. मग त्यांनी दरवाजा उघडायला घेतला.

जयेशने रिव्हर्स टाकला, तोवर मागे गल्लीत पाण्याचा टँकर येऊन उभा राहिला होता. बारवी धरण हाकेच्या अंतरावर असूनही शेजारच्या बिल्डिंगला टँकर लागतो. ड्रायव्हरने पाइप सोडला आणि तो बिडी पेटवून बसला. "खाली होगा तो हटाऊंगा."

"आबा, सीटवरून मागे या आणि डिकीतून उतरा," मी सुचवलं.

"डिकीतून? मी काय भाजीची गोनी हाय?"

मग जयेशने सनरूफ उघडलं. आधी आबांची टोपी वर आली, मग सोन्याची चेन आणि मग छातीपर्यंत आबा. इथे ते चिडणार, गाडीला शिव्या घालणार आणि म्हणणार, न्या ही परत. माझा हिशोब असा होता.

शेजारच्या गॅलरीतून कुणीतरी हाक मारली, "आबा, नवीन गाडी काय?"

आबांनी वर बघितलं. समोरच्या ओट्यावरही माणसं जमली होती. टँकरवाल्यानेही मान वळवली. आबांनी टोपी सरळ केली आणि हात उंचावला. मग दुसऱ्या बाजूलाही उंचावला. निवडून आल्याचा आनंद त्यांच्या चेहऱ्यावर दिसायला लागला.

"एकच नंबर!" आबा छपरातून म्हणाले. "हीच घेनार."

"आबा, पण दरवाजा उघडत नाही."

"टाकी फोरून टाकू."

सुप्रियाने माझ्याकडे बघितलं. माझा डाव माझ्याच अंगाशी आला होता.

टँकर गेला, आबा बाहेर आले, चहा आला. ती गल्ली म्हणजे अर्धी भावकीच, त्यामुळे प्लॅस्टिकच्या खुर्च्या पुन्हा कमी पडल्या. जयेश पेढ्यांचं बोलत होता. मध्येच तो आबांना म्हणाला, "काका, माझ्या हळदीला हीच गाडी हां. नवरदेव सनरूफमधून उभा."

आणि मला माझा धंदा आठवला. आमच्याकडे 'नीड ॲनालिसिस' म्हणून एक पायरी असते. गाडी कोण चालवणार, रोज किती, कुठे, हे विचारायचं. नियमाप्रमाणे ते सगळ्यात आधी विचारतात. मी ते सगळ्यात शेवटी आणि सगळ्यांसमोर विचारलं.

"आबा, इलेक्ट्रिक गाडीचं चार्जिंग आधी ठरवावं लागतं. मोठी गाडी आहे, वापरणारेही बरेच असतील. कुणाला कधी लागेल ते सांगता का सगळ्यांनी?"

भावकीला एवढंच पाहिजे होतं. जयेशला हळदीला आणि नंतर देवदर्शनाला. एका चुलतभावाला जत्रेला. एका काकूला लेकीला बाळंतपणासाठी आणायला, आणि मग बारशानंतर पोचवायला. एकाने तर गणपतीचे सगळे दिवस धरून ठेवले. दोघांचं एकाच दिवसावरून वाजलंसुद्धा. मी प्रत्येकाकडे बघून आदराने मान डोलावत होते. आबांचा चहा निवत चालला होता.

"आबा, मग चार्जर इथे अंगणातच लावायचा ना?" मी विचारलं.

"इथं लावून काय करणार, मॅडम?" जयेश म्हणाला. "काका कुठं चालवतात? गाडी आमच्याकडेच असणार."

तेव्हा सुप्रिया बोलली. त्या दिवशी सगळ्यांसमोर पहिल्यांदाच.

"मग टाकी कशाला फोडायची, आबा? गाडी इथे थांबतेय कुठे?"

आबांनी कप खाली ठेवला. गेटकडे बघितलं. तिथून त्यांची गाडी हळदीला चालली आहे आणि सनरूफमधून भलताच कुणीतरी हात हलवतो आहे, असं बहुतेक त्यांना दिसलं असावं. नाही म्हणणं त्यांना जमणार नव्हतं, हे त्यांनाही माहीत होतं.

"पोरी," ते मला म्हणाले, "ती छोटी कशी हाय?"

"काका, डबी आहे ती!" जयेश उसळला. "हळदीला नेली तर लोक हसतील."

"हसतील?"

"अहो, तोंड दाखवायला जागा राहणार नाही."

"नक्की?"

"नक्की!"

"मग तीच," आबा म्हणाले.

मी घाईघाईने टॅबवर बुकिंग उघडलं. रंगाचं विचारलं. आबा म्हणाले सफेद, जयेश म्हणाला काळा. सुप्रिया म्हणाली, "रंग मी सांगते. ती कोपऱ्यातली पोपटी."

"ती कोण मागेल?" जयेश म्हणाला.

"हो ना," सुप्रिया म्हणाली.

मी सेठना फोन केला. "सर, बडी नहीं गई. तोता गया."

"तोता? सच में? साईं, उनको मिठाई खिला."

डिलिव्हरीच्या दिवशी चाकाखाली लिंबं ठेवली, नारळ फुटला. गाडी आवाज करत नाही म्हणून आबा सुरू करा, सुरू करा म्हणत राहिले, तोवर सुप्रियाने लिंबं चिरडून गाडी रस्त्यावर आणलीही होती. अंगणात गेल्यावर आबांनी दोन्ही बाजूंचे दरवाजे पुन्हा पुन्हा उघडून बघितले.

नंतर एकदा सुप्रिया मला कॅम्पात भेटली. गाडीतून उतरून तिने हात हलवला, चांगला डोक्याच्या वर. मला बरं वाटलं.

"मागितली का कुणी गाडी?"

"जयेशने एकदा मागितली. मग रंग आठवला आणि तोच नको म्हणाला."

पुढच्या सीटवर आबा बसले होते. अंबरनाथला काम आहे म्हणून रोज सकाळी ते तिच्याआधी गाडीत येऊन बसतात म्हणे. काम काही नसतं. सनरूफ नाही, म्हणून काच खाली करून लोकांना हात दाखवतात.

गिऱ्हाईक अजूनही मला विचारतात, मॅडम, रोजच्या वापराला कोणती घ्यावी? मी रेंज सांगते, चार्जर सांगते, अंगण मोजायला लावते. मग हळूच विचारते, भावकी केवढी आहे? जेवढी मोठी असेल, तेवढी छोटी गाडी मी दाखवते.